अकरा दिवसांची प्राध्यापक

हन्ना अष्टमकर आणि मी, दोघींनी एकाच दिवशी पीएचडीला नाव नोंदवलं. तिसऱ्या वर्षी मी सोडून दिली आणि रोह्याला येऊन पोस्टात चिकटले. हन्ना सात वर्षं टिकली. आमच्यातली शहाणी कोण यावर अजूनही रविवारी चहा पिताना भांडण होतं, आणि ते मिटू नये अशीच दोघींची इच्छा असते.

हन्ना अष्टमीची. रोह्यातून कुंडलिकेचा पूल ओलांडला की पलीकडे अष्टमी. तिच्या बेने इस्रायली समाजाची एके काळी तिथं भरपूर घरं होती. आता बहुतेक मंडळी इस्रायलला गेली. हन्नाचा मोठा भाऊ डेव्हिडही अश्दोदला असतो. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. ते जमवायला हन्नाचे वडील, सायमनकाका, पेण-अलिबागपर्यंत फोन फिरवतात, आणि नववा येऊन बसला की दहावा कुठल्या तरी लग्नाला गेल्याचं कळतं. आई, डेबोराकाकू, हन्ना बारावीला असताना वारल्या. घरात बाप-लेक दोघंच.

सायमनकाका धाटावच्या एका केमिकल कंपनीत एकतीस वर्षं ऑपरेटर होते. जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना शिफ्टच्या हिशेबात कळते. हन्ना पीएचडीला लागली तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"तुझा रिलिव्हर कोण?"

"म्हणजे?"

"आठ तास झाले की दुसरा माणूस येतो आणि म्हणतो, जा घरी. तुमच्यात असं कोण म्हणतं?"

हन्ना म्हणाली, "कोणीच नाय."

"मग ती नोकरी नाय गो. ती शिक्षा हाय."

आमचे गाइड त्याच वर्षी परदेशातून एक फॉर्म घेऊन आले होते. बाकी लोक चॉकलेटं आणतात. फॉर्मवर मोठ्या अक्षरात करिअर प्लॅन असं लिहिलेलं, आणि खाली प्रश्न : पाच वर्षांनंतर तुम्ही स्वतःला कुठे पाहता? हन्नानं लिहिलं, 'कॅन्टीनमध्ये.' सरांनी तिला बोलावून घेतलं आणि पाऊण तास समजावलं. संशोधकानं पहिल्या दिवसापासून पुढचं आखायला हवं, एक रस्ता बंद झाला तर दुसरा तयार हवा, वगैरे. सर स्वतः या पदावर कसे आले हे मी एकदा शिपायाला विचारलं होतं. आधीचे सर अचानक वारले, आणि त्या दिवशी व्हरांड्यात हेच उभे होते.

तर हन्नानं नीट आखलं. योजना अ : कॉलेजात सहायक प्राध्यापक. योजना ब : धाटावमध्ये एखाद्या कंपनीच्या लॅबमध्ये. योजना क : इस्रायलमध्ये पोस्टडॉक, म्हणजे पीएचडी संपल्यावर करायची आणखी पीएचडी. फॉर्म सुंदर झाला. सरांनी तो दुसऱ्या मुलांना नमुना म्हणून दाखवला.

तिचा विषय रंगाचा होता. पाण्यात कालवलेल्या रंगाचे कण एकमेकांना चिकटून तळाला बसतात, ते बसू नयेत म्हणून काय करावं. नाव दोन ओळींचं होतं, अर्थ एवढाच. सायमनकाका लोकांना सांगायचे, "माझी पोरगी मुंबईत रंग ढवळते." चूक काहीच नव्हतं त्यात. मधले चौदा महिने कण मोजायचं यंत्र बंद होतं. दुरुस्तीवाला यायचा, झाकण उघडायचा, खिन्न चेहऱ्यानं आत बघायचा आणि जायचा. मी याच काळात पोस्टाची परीक्षा दिली.

सात वर्षांनी हन्ना डॉक्टर झाली. पेढे झाले. त्यानंतर एकेक योजना मोडायला लागली.

क आधी गेली. हैफाच्या एका प्रोफेसरांनी तिला घ्यायचं कबूल केलं होतं. जानेवारीत जायचं, डेव्हिडनं खोलीसुद्धा बघून ठेवली होती. ऑक्टोबरात तिकडं लढाई सुरू झाली. प्रोफेसरांनी लिहिलं, लॅब बंद आहे, माझे निम्मे विद्यार्थी सैन्यात आहेत, तुला पुढचं काही सांगू शकत नाही. यावर माणूस काय बोलणार? ती रोज सकाळी डेव्हिडला फोन करून जिवंत आहेस का एवढंच विचारायची. पुढं खूप दिवसांनी मला म्हणाली, "नूतन, मला सुटल्यासारखं वाटलं होतं. पप्पांना एकटं टाकून जायचं नव्हतं, पण तसं म्हणायची हिंमत नव्हती. आणि सुटल्यासारखं वाटलं याची लाज वाटली, ती अजून वाटते."

अ साठी तिनं कॉलेजांचे सहा इंटरव्ह्यू दिले. एका ठिकाणी निवड झालेला उमेदवार आधीच स्टाफरूममध्ये बसून सगळ्यांना चहा विचारत होता. दुसरीकडे समितीतल्या एका गृहस्थांनी, "अष्टमकर म्हणजे नेमके कुठले?" यावर वीस मिनिटं काढली आणि रसायनशास्त्राला वेळ उरला नाही.

मग ब. धाटावच्या एका कंपनीत एचआरवाला म्हणाला, "मॅडम, तुम्ही ओव्हरक्वालिफाइड आहात. दोन महिन्यांत सोडून जाल." बाहेर सायमनकाकांचा जुना सहकारी भेटला. त्यानं कळकळीनं सल्ला दिला, बायोडेटामधनं पीएचडी काढून टाक. तिनं काढून टाकली. दुसऱ्या कंपनीतला संवाद तिनं मला इतक्या वेळा करून दाखवलाय की तो मला पाठ आहे.

"एमएस्सीनंतर सात वर्षं काय केलंत?"

"घरी होते."

"लग्न?"

"नाही."

"आजारपण वगैरे?"

"तसंच काहीसं."

"आता बऱ्या आहात?"

"हो. गेल्या वर्षी सुटले त्यातून."

नोकरी नाही मिळाली. तब्येतीचं कारण दिलं असावं.

शेवटी पेणच्या एका कॉलेजात तिला तासिका तत्त्वावर घेतलं. म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढ्याच तासांपुरत्या तुम्ही शिक्षिका, मधल्या तासाला कोणीही नाही. सकाळच्या गाडीनं रोह्याहून निघायचं, निडी, नागोठणे, कासू करत पेण. जुलैच्या पहिल्या आठवड्यात तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी, दिपिका म्हात्रे, तास संपल्यावर टेबलाशी येऊन उभी राहिली. मोबाइलवर फोटो होता. पिवळं पितांबर नेसलेला गणपती, आणि पितांबराचे पापुद्रे निघालेले, जुन्या भिंतीसारखे.

"मॅडम, आमच्या कारखान्यात सगळ्यांचं असंच व्हायला लागलंय. बाबा म्हणतात रंगवाल्यानं फसवलं. तुम्ही रंगावर डॉक्टर ना?"

सात वर्षांत हा प्रश्न तिला पहिल्यांदाच कोणीतरी गरजेपोटी विचारला होता.

पेणमध्ये मूर्तीच्या शेडला कारखाना म्हणतात. दिपिकाचे वडील सखा म्हात्रे यांचा कारखाना खाडीच्या अंगाला. पुढच्या रविवारी हन्ना मलाही ओढून घेऊन गेली. पत्र्याच्या शेडमध्ये शाडूच्या चारशे मूर्ती रांगेनं बसलेल्या. निम्म्या रंगवून झालेल्या, बाकीच्या मातीच्याच. सखाशेठनी रंगाचा डबा हन्नाच्या नाकाशी धरला. "बगा. नैसर्गिक म्हनून दिला. नैसर्गिक हाय म्हनून का गलून जायाचा?"

हन्नानं डब्याकडे बघितलंच नाही. तिनं एका मूर्तीचा सुटलेला पापुद्रा नखानं उचलला. खाली बारीक पांढरी पूड होती. दुसरीखाली तीच. मग तिनं गणपतीच्या पायाशी बसलेला न रंगवलेला उंदीर उचलला, पाठीवरून बोट फिरवलं, आजूबाजूला बघितलं आणि त्याला चाटलं.

शेडमधले सगळे हात थांबले. डोळ्यांची आखणी करणारा कारागीर ब्रश हवेत धरून बघत राहिला.

"खारट आहे," हन्ना म्हणाली.

सखाशेठ म्हणाले, "मॅडम, तो उंदीर हाय."

"हो. खारट आहे. माती कुठल्या पाण्यात मळता?"

"बोरिंगच्या. मार्चमंदी नवीन मारली. बक्कल पानी लागलं."

"पिऊन बघितलंत?"

"पितो कोन ते? पिन्याला नल हाय."

पाणी खाडीचं होतं. मातीत मीठ गेलं होतं, मूर्ती वाळताना ते पृष्ठभागावर येत होतं आणि रंगाला खालून ढकलत होतं. आपल्याकडे भिंतीला लोणा लागतो तसा गणपतीला लागला होता. रंगवाला बिचारा निर्दोष. सखाशेठना हे पटलं, पण आनंद झाला नाही, कारण आदल्या दिवशी ते त्याला फोनवर नको ते बोलले होते.

"आता तोडगा सांगा," ते म्हणाले. "कायमचा नको. अनंत चतुर्दशीपावेतो टिकला की बास. नंतर पान्यात इरघललाच पायजे."

हे ऐकून हन्ना चक्रावली. तिनं आयुष्यभर टिकाऊपणाचे आलेख काढले होते. अमुक तारखेपर्यंत टिकावा आणि मग मुकाट्यानं विरघळावा, असा रंग कोणी तिच्याकडून मागितला नव्हता.

तिचा पहिला तोडगा फसला. आणि चांगला सणसणीत फसला. मिठाची पूड ब्रशनं झाडून तिनं डिंकाच्या पाण्याचा एक हात द्यायला लावला, त्यावर रंग. कागदावर बरोबर होतं. जुलैच्या हवेत तो डिंक वाळेचना. चौथ्या दिवशी बारा मूर्ती हाताला चिकटत होत्या आणि सोंडांवर चिलटं बसून अडकली होती. सखाशेठ रागानं लाल झाले. "मॅडम, ह्यो गनपती हाय का माश्या मारायचा कागद?"

त्या संध्याकाळी ती माझ्या घरी आली आणि जिन्यातच बसली. रडली नाही. म्हणाली, "सात वर्षं मी रंग खाली बसू नये म्हणून खपले. इथं तो वर बसत नाय." मी तिला घरी पाठवलं आणि प्रबंध उघडायला सांगितला. पदवी मिळाल्यापासून तिनं तो उघडला नव्हता. मी तरी कधी उघडला होता? दुसऱ्या दिवशी पोस्टाच्या काउंटरवर तिचा फोन. "नूतन, मी सगळे प्रयोग एसीत केले गो! चौथं प्रकरण, पाचवं प्रकरण, सगळं चोवीस डिग्रीला. पेणला कुठं एसी हाय?"

रांगेत उभ्या असलेल्या आजोबांना मी रजिस्टरचं पाकीट उलटं दिलं, कारण मला हसू आवरत नव्हतं.

मग तिनं शेडचा अर्धा भाग प्लास्टिकनं बंद करून घेतला. आत भाताच्या तुसाच्या शेगड्या, वर पंखे. डिंक निम्म्याहून पातळ. एका वेळी वीसच मूर्ती, आधी पूर्ण वाळवायच्या, मग हात द्यायचा. सकाळी कॉलेजचे तास, दुपारी कारखाना, सातच्या सुमाराला परत रोहा. दिपिका आर्द्रता मोजून वहीत लिहायची. घाई केली की मूर्तीला तडे जायचे, उशीर केला की बुरशी धरायची. सखाशेठ दारात उभे राहून दर तासाला, "झाला?" विचारायचे आणि हन्ना दर तासाला, "नाय," म्हणायची.

चारशेपैकी दोनशे सत्तर मूर्ती वाचल्या. उरलेल्या मोडाव्या लागल्या. सखाशेठनी ते काम दुसऱ्या कोणाला दिलं नाही. टोपी काढली, पहिल्या दहा-बारा मूर्तींना प्रत्येकी हात जोडून माफी मागितली. मग दमले, आणि पुढच्या मुकाट्यानं मोडल्या. हन्ना आणि दिपिका ती माती घमेल्यांनी बाहेर नेत होत्या. त्या दिवशी शेडमध्ये कोणी कोणाची थट्टा केली नाही.

गणपती झाले आणि हमरापूर, जोह्याचे कारखानदार हन्नाला विचारत यायला लागले. कोणाचा लाल काळा पडतोय, कोणाचा निळा फाटतोय. सखाशेठनी मागच्या अंगाची एक शेड तिला दिली. दिपिका पदवी घेऊन तिथंच लागली. दोघी शाडूवर बसणारे पाण्याचे रंग बनवू लागल्या. योजनेच्या फॉर्मवर ही ओळ कुठंच नव्हती, आणि हन्ना या कामाला नोकरीही म्हणत नव्हती. विचारलं की म्हणायची, "सध्या चाललंय काहीतरी."

अशात सातव्या इंटरव्ह्यूचं पत्र आलं. दुसऱ्या जिल्ह्यातलं कॉलेज, कायमस्वरूपी जागा. ती गेली, आणि तिची निवड झाली. काहीतरी चूक झाली असणार असं आम्हा दोघींना वाटलं, म्हणून तिनं फोन करून नाव पुन्हा विचारून घेतलं. नाव तिचंच होतं.

सायमनकाकांनी घरी मलिदा केला. गोड पोहे, ओलं खोबरं, फळं. दहा पुरुष जमले, त्यातले दोघे मुंबईहून खास आले. डेव्हिड व्हिडिओवर होता. काका अष्टमीतल्या प्रत्येक दारी सांगून आले होते, पोरगी प्रोफेसर झाली, पर्मनंट. सखाशेठना आमंत्रण होतं. त्यांनी मलिद्याच्या दोन बश्या खाल्ल्या आणि जिल्हा सोडून जाणाऱ्या बदलीवाल्याला बघावं तसं हन्नाकडे बघत राहिले.

ती रुजू झाली. प्रयोगशाळेला कुलूप होतं. किल्ली लिपिकाकडे, लिपिक रजेवर. प्राचार्यांनी तिला कपाटभर रिकाम्या फायली दाखवल्या. पुढच्या महिन्यात तपासणी समिती यायची होती आणि विज्ञान मंडळाच्या पाच वर्षांच्या सभांची इतिवृत्तं हवी होती. सभा झालेल्या नव्हत्या. "त्या झाल्या असत्या तर काय बोलणं झालं असतं, तेवढं लिहा," प्राचार्य म्हणाले. "तुमची भाषा चांगली आहे."

हन्नानं लिहायला घेतलं. आणि मला तिनं हे नंतर फार शरमून सांगितलं, पहिल्या दोन सभांनंतर तिला मजा यायला लागली. तिसऱ्या सभेत तिनं एका सदस्याला ठरावाला विरोध करायला लावला. चौथ्या सभेत त्याची समजूत काढली. पाचवीत त्याला आभार मानायला उभं केलं. अकराव्या दिवशी ती सहावी सभा लिहीत असताना दिपिकाचा फोन आला.

"मॅडम, हिरवा तळाला बसतोय. सकाळपासून तीनदा ढवळला."

हन्ना व्हरांड्यात गेली आणि चाळीस मिनिटं बोलली. पाणी किती, कधी घातलं, डबा कुठला, ऊन कुठं येतंय. शेवटी कळलं की दिपिकानं नव्या पिशवीतली हिरवी पूड जुन्या मापानं घातली होती. हिरवा सावरला. हन्ना खोलीत परत आली आणि सहाव्या सभेचं शेवटचं वाक्य वाचलं : 'सर्व सदस्य उपस्थित होते.' तिनं फाइल मिटली. मग प्राचार्यांच्या खोलीत जाऊन राजीनामा दिला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'वैयक्तिक.'

सायमनकाका तीन दिवस बोलले नाहीत. चौथ्या दिवशी जेवताना विचारलं, "नोटीस दिलीस?"

"नाय."

"एकतीस वर्षांत मी एक दिवस न सांगता घरी राह्यलो नाय. आणि तू अकराव्या दिवशी..." त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "लोकांना काय सांगू? डेव्हिडला काय सांगू?"

"सांगा, पोरगी रंग ढवळते."

"चेष्टा करू नको, हन्ना."

हन्ना नंतर मला म्हणाली, त्यांचा राग चालला असता. पण ते ताटाकडे बघत राहिले, आणि ते दहा जण, ते पोहे, ती आमंत्रणं, सगळं तिच्या डोळ्यांसमोर आलं. तिनं माफी मागितली. निर्णयाची नाही, न विचारल्याची. त्यांनी मान हलवली. माफ केलं का, हे तिला अजून नक्की माहीत नाही.

पुढच्या महिन्यात एका रविवारी काका न सांगता पेणला आले. शेडभर फिरले. पुडीचे डबे उघडे, एक्झॉस्ट फॅन नाही, दिपिकाच्या हातात मोजे नाहीत, डब्यांवर तारीख नाही. त्यांनी तिथंच आवाज चढवला. "कंपनीत असता तर दोघींना मेमो दिला असता!" सखाशेठ पुढून धावत आले, तर त्यांनाही ऐकावं लागलं. मंगळवारी काका स्वतः फॅन घेऊन आले आणि बसवून गेले. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा येतात. कोणी बोलावत नाही.

पीओपीच्या मूर्तींवरच्या बंदीचं काय होणार याबद्दल दर वर्षी वेगळं ऐकू येतं. शाडूची मागणी एका वर्षी वाढते, दुसऱ्या वर्षी बसते. पुढच्या वर्षी शेड चालेल का हे हन्नाला सांगता येत नाही, आणि आता कोणी विचारलं तर ती सरळ, "माहीत नाय," म्हणते. यंदा गुलाबीनं छळलंय. परदेशी जाणाऱ्या मूर्ती लवकर निघतात आणि पोचेपर्यंत त्यांचे गाल फिके पडतात, अशी तक्रार आली. म्हणून शेडच्या पत्र्यावर गुलाबीच्या बत्तीस पट्ट्या, प्रत्येकीचं माप वेगळं, उन्हात ठेवल्यात. सायमनकाका आले की खाली खुर्ची टाकून बसतात, दर दोन तासांनी शिडी चढून बघतात आणि रजिस्टरात लिहितात : पट्टी नंबर एकोणीस, फिकी. सही, वेळ. काल त्यांनी सातव्या पट्टीला शेरा मारला, 'ठीक आहे', आणि हन्नानं तो वाचून लगेच नव्या डब्यांना सातव्या पट्टीचं माप लावायला सांगितलं.